जोड कुठे ठेवायचा? ब्लोअर आणि ग्रेडिंग मशीन बनवणाऱ्या वर्कशॉपसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पिंपळगावजवळ तुमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. द्राक्षबागेत औषध फवारणारे, ट्रॅक्टरवर चालणारे ब्लोअर आणि कांदा आकारानुसार निवडणारी ग्रेडिंग मशीन तुम्ही बनवता. प्रत्येक गिऱ्हाईक काहीतरी वेगळं मागतं आणि तुम्ही ते देता. त्यामुळे आता जुन्या मशीनचा साधा ब्रॅकेट मागायला कोणी आलं तरी पुन्हा टेप घेऊन मापं घ्यावी लागतात. मुलाचं म्हणणं, सगळं मॉड्युलर करू, म्हणजे ठरलेल्या जोडांवर बसणाऱ्या, सुट्या बदलता येणाऱ्या भागांचं, आणि एकच स्टँडर्ड मशीन काढू. जुन्या वेल्डर मिस्त्रींचं म्हणणं, गिऱ्हाईकाला हवं तसं करून देणं हाच आपला धंदा, तो सोडला तर मोठ्या कंपन्यांपुढे आपला निभाव लागणार नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की निसर्गापासून मोबाइलपर्यंत सगळं मॉड्युलर असतं असं जे सांगतात ते खरं आहे, की नुसती सल्लागारांची भाषा?

मी अंबड एमआयडीसीत टूलरूम चालवतो. जिग, फिक्स्चर (काम करताना भाग जागेवर धरून ठेवणारे साचे) आणि गेज (माप तपासायची साधनं) बनवणं हे माझं रोजचं काम, म्हणजे एका जागी बनलेला भाग दुसऱ्या जागी बनलेल्या भागावर निमूट बसावा यासाठीच मी पैसे घेतो. त्या अनुभवातून सांगतो. तुमचा मुलगा आणि मिस्त्री दोघंही बरोबर बोलतायत, फक्त दोघं मशीनच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलतायत. खरा प्रश्न मशीन एक असावं की अनेक, हा नाहीच. मशीनमध्ये जोड कुठे ठेवायचे आणि त्यातले कोणते जोड कायमचे ठरवून टाकायचे, हा प्रश्न आहे. जोड एकदा पक्का ठरला की त्याच्या दोन्ही बाजूंना हवं ते करायची मोकळीक मिळते.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगतो. वर्षाला चार-पाच मशीन बनत असतील तर या भानगडीत पडू नका. चांगली ड्रॉइंग जपून ठेवा, तेवढं पुरे. पण एकाच जातीची वीस-पंचवीस मशीन जात असतील आणि स्पेअरसाठी लोक परत येत असतील, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. दुसरं, मशीन बिघडल्यावर दुरुस्त कोण करतं? तुमचाच माणूस निफाड-दिंडोरीत जाऊन करत असेल तर एक हिशोब, सांगली-सोलापूरकडचा गावातला फिटर करणार असेल तर दुसरा. लांब जाणाऱ्या मशीनचा जोड हा तुम्ही कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हातात जाणार आहे, हे धरूनच चालायचं.

आता तुमच्याच ब्लोअरकडे बघा. तुम्ही कधी ठरवलं नाहीत तरी त्यात एक पक्का जोड आधीपासून आहे. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा दांडा, सहा स्प्लाइनचा (खाचांचा), १ पूर्णांक ३/८ इंच म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर व्यासाचा आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांचा. त्याच्या बाजूला थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार तीन पिनांवर अडकवायची जोडणी, तिचे आकार कॅटेगरीने ओळखतात. कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, वरची १९ ची. कॅटेगरी २ मध्ये खालच्या २८ च्या, वरची २५ ची. हॅरी फर्ग्युसन या इंजिनिअरने तीन बिंदूंची ही रचना घडवली आणि १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरबरोबर ती मोठ्या प्रमाणावर शेतात उतरली. त्याआधी ट्रॅक्टर एका कंपनीचा आणि अवजार दुसऱ्याचं असलं की लोहाराकडे फेऱ्या ठरलेल्या. आज तुमच्या गिऱ्हाईकाकडे मिनी ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा आहे याची तुम्ही फारशी चौकशी करत नाही. कॅटेगरी विचारता, पिना बघता आणि पुढे जाता. ट्रॅक्टर कंपनीने तुमचा ब्लोअर कधी पाहिलेला नाही, तुम्ही तिचं इंजिन उघडलेलं नाही, तरी दोघांचं काम चालतं. तुमचा अख्खा धंदा या एका जोडावर उभा आहे. मुलगा जे म्हणतोय ते एवढंच, की असे जोड मशीनच्या आतही आणा.

पण जोड ठरवताना सर्वांत मोठा धोका न बसणाऱ्या भागाचा नसतो. जो अजिबात बसत नाही तो भाग तिथल्या तिथे परत जातो. धोका असतो तो जवळजवळ बसणाऱ्या भागाचा. हे तुम्हाला नोझलच्या लाइनमध्ये रोज दिसत असेल. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश पाइपचे) आटे आणि अर्धा इंची एनपीटी (अमेरिकी पाइपचे) आटे, दोन्हींत एका इंचात १४ आटे. त्यामुळे एकात दुसरा आरामात फिरतो, दोन-तीन फेरे छान जातो, हाताला वाटतं बसला. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. वर एनपीटी निमुळता. टेफ्लॉन टेप गुंडाळून फिटर तो आवळतो, वर्कशॉपमध्ये पाणी सोडून पाहिलं तर थेंबही पडत नाही. बागेत पंपाचा पूर्ण दाब आला, ट्रॅक्टर चरातून हादरत गेला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी औषध गळायला लागतं आणि कधीकधी पितळी फिटिंगला तडा जातो. शेतकरी म्हणतो पंप खराब. पंपाला काही झालेलं नसतं.

या दोन कोनांमागे जुनी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सगळ्या कारखान्यांसाठी एकच आटा सुचवला, ५५ अंशांचा. तोवर ज्याचा त्याचा बोल्ट ज्याच्या त्याच्याच नटात जायचा. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा मांडला, कारण तो साध्या कामगाराला कापायला आणि तपासायला सोपा होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्या दोन शहाण्या निर्णयांमधली पाच अंशांची फट आज तुमच्या गिऱ्हाईकाच्या बागेत गळते आहे. म्हणून मॉड्युलर करायचं ठरलं तर पहिलं काम हे करा, की पाण्याच्या लाइनमधले सगळे आटे एकाच जातीचे करा आणि दुसऱ्या जातीचं फिटिंग स्टोअरच्या दारातून आत घेऊ नका. तसंच एम १२ च्या, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचं. जुन्या जर्मन प्रमाणाच्या डोक्याला १९ चा पाना लागतो, नव्या आयएसओ प्रमाणाच्या डोक्याला १८ चा. आटे तेच, पण एका मशीनवर दोन्ही मिसळलेत तर शेतातला माणूस १९ च्या पान्याने १८ चं डोकं गोल करून ठेवणार.

आता निसर्गाचा मुद्दा. तुम्ही द्राक्षपट्ट्यात राहता, त्यामुळे लांब जायला नको. वेलीची काडी हातात घेऊन बघा. पेर, पेरावर पान, पानाच्या बगलेत डोळा. पुन्हा पेर, पान, डोळा. तोच तुकडा पुन्हा पुन्हा. ऑक्टोबरच्या छाटणीत तुम्ही डोळे मोजून काडी राखता, ती मोजणी या तुकड्यांचीच असते. आणखी जवळून बघा. पानाच्या समोरच्या बाजूला, लागोपाठ दोन पेरांवर काहीतरी उगवतं आणि तिसरं पेर रिकामं जातं. जे उगवतं ते कधी घड असतं, कधी बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू. मुळात दोन्ही एकाच अंकुरातून येतात. त्या कोवळ्या अंकुराला पुरेसा प्रकाश, ऊब आणि अन्न मिळालं तर घड, नाहीतर बाळी. घड जिरून बाळी झाली म्हणून बागायतदार हळहळतो, तेव्हा तो हेच बघत असतो, की जागा तीच, जोड तोच, पण त्यावर बसलेला भाग दुसरा. वेलीला घडासाठी वेगळी आणि आधारासाठी वेगळी रचना ठेवावी लागली नाही.

कलम हे त्याहून बोलकं उदाहरण. जमिनीत डॉगरीजचा खुंट, कारण तो खारट पाणी आणि पाण्याचा ताण सोसतो. वर थॉमसनची किंवा दुसऱ्या जातीची काडी, कारण घड तिचे चांगले. ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर मारून कलम बांधतात तेव्हा सगळं कौशल्य एका पातळ थरात असतं. सालीखालचा हिरवा थर खुंटाचा आणि काडीचा एकमेकांना चिकटला पाहिजे. जाडी कमी-जास्त असली तर निदान एका बाजूने तरी तो जुळवतात आणि पट्टी घट्ट आवळतात. तो जुळला की मुळं एका जातीची आणि फळ दुसऱ्या जातीचं, अशी वेल वर्षानुवर्षं चालते. युरोपातल्या द्राक्षबागा एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा नावाच्या मुळावरच्या किडीने उद्ध्वस्त होत होत्या, त्या वाचल्या त्या याच जोडामुळे. अमेरिकी जंगली वेलीचा खुंट खाली, युरोपी द्राक्ष वर.

त्याहून खोलवर गेलं तरी हेच दिसतं. सगळ्या सजीवांच्या डीएनएत चार अक्षरं, तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द आणि त्यांतून बनणारी वीस अमिनो आम्लं. थोडे अपवाद सोडले तर माणूस, वेल आणि जंतू हीच लिपी वाचतात. म्हणूनच माणसाच्या इन्सुलिनचा जीन जंतूत घातला तर जंतू ते इन्सुलिन बनवून देतो. १९८२ पासून ते औषध म्हणून बाजारात आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की सल्लागार ही भाषा उगाच वापरत असतील, पण गोष्ट खरी आहे.

मात्र निसर्गाकडून शिकायचं तर त्याची किंमतही शिकावी लागते, आणि मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जिराफाच्या लांबलचक मानेत सात मणके असतात आणि उंदराच्या मानेतही सात. सस्तन प्राण्यांत स्लॉथ आणि मॅनाटीसारखे मोजके अपवाद सोडले तर हा आकडा हलत नाही. जिराफाला दहा-बारा मणके कदाचित सोयीचे पडले असते, पण शरीराची पुढची सगळी मांडणी त्या सातांवर बसलेली आहे. जो जोड जितका खोल, तितका तो बदलणं महाग. म्हणून चेसिसवरची भोकं ठरवायला हवा तेवढा वेळ घ्या. नोझल होल्डरचं डिझाइन पुढच्या हंगामात बदलता येईल, चेसिसचं नाही.

दुसरी किंमत कलमात दिसते. जोडातून फक्त पाणी आणि अन्न जात नाही. खुंट जोमदार असला की वरचा वाढीचा जोरही बदलतो, आणि बागायतदाराला खत-पाणी, छाटणी सगळं त्या हिशोबाने करावं लागतं. तुमच्या ब्लोअरमध्येही तेच होतं. टाकी वेगळी, फॅन वेगळा असं कागदावर म्हटलं तरी फॅनचं कंपन बोल्टमधून टाकीच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचतं. कागदावर दोन मॉड्यूल स्वतंत्र दिसली म्हणून ती लोखंडात स्वतंत्र होत नाहीत.

इथपर्यंतचं थोडक्यात: जोड मोजके ठेवा, सार्वजनिक प्रमाणातले ठेवा, जवळजवळ बसणाऱ्या भागाला आत येऊ देऊ नका, आणि खोलवरचे जोड सर्वांत सावकाश ठरवा.

मग जोड नेमका कुठे? माझा नियम असा, की ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या गतीने बदलतात किंवा झिजतात, त्यांच्या मध्ये जोड घाला. ज्या बरोबरच बदलतात त्यांच्यामध्ये नको. तुमच्या ब्लोअरची चेसिस दहा वर्षं टिकेल. पंपाचे डायफ्राम आणि व्हॉल्व्ह त्याआधी जातील. नोझल तर औषधाने घासून लवकरच मोठी होतात. नोझलची मांडणी बाग वाय पद्धतीची आहे की मांडवाची आणि ओळीतलं अंतर किती, यावर बदलते. म्हणजे गिऱ्हाईकाचं खरं वेगळेपण बहुतेक वेळा नोझलच्या कमानीत आणि टाकीच्या आकारात असतं. चेसिस, गिअरबॉक्स आणि फॅन यांत ते सहसा नसतं. पण आज तुम्ही कमान सरळ चेसिसला वेल्ड करत असणार, म्हणून कमान बदलली की चेसिसही बदलते आणि मग सगळं मशीनच नवं होतं. तिथे एक बोल्टेड फ्लँज, म्हणजे भोकं पाडलेली जोडपट्टी, आली की मिस्त्रींना कमान हवी तशी वाकवायला मोकळीक राहते. त्यांचा हात जिथे लागतो तिथेच तो लागावा, चेसिसवर वाया जाऊ नये.

ग्रेडिंग मशीनमध्येही तसंच. व्यापाऱ्याची मागणी आकाराची, आणि ती हंगामागणिक आणि बाजारपेठेगणिक बदलते. ड्रम असो किंवा रोलर, आकार ठरवणारा भाग एका बाजूने ओढून काढता येईल असा करा. मोटर, चेन आणि फ्रेम यांना हात लावावा लागू नये.

फॅन, त्याचा शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये मात्र कृपा करून जास्तीचे जोड आणू नका. फॅन जोरात फिरतो, तिथे बॅलन्स आणि सरळ रेषा यांना महत्त्व आहे. प्रत्येक जोड म्हणजे थोडी ढिलाई, थोडं वजन, दोन फ्लँजचं जास्तीचं लोखंड आणि सुटू शकणारे चार बोल्ट. जिथे कामगिरी काटेकोर लागते तिथे भाग एकसंध ठेवायचे आणि पूर्ण युनिट बदलायचं. मॉड्युलर म्हणजे सगळं सुटं करणं, असा समज झाला की मशीन खुळखुळ्यासारखं वाजायला लागतं.

जोड स्वतः जागा खातो, हेही मापात धरावं लागतं. हे मला भारतीय मॉड्युलर विटेत फार आवडतं. वीट १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटरची, आणि दहा मिलिमीटर मसाला धरला की भिंतीत ती २०० बाय १०० बाय १०० होते. मसाल्याची जागा आधीच वजा केलेली आहे, म्हणून आर्किटेक्टचा आकडा भिंतीवर जुळतो. तुमच्या ड्रॉइंगमध्येही फ्लँजची जाडी, वॉशर आणि पावडर कोटिंगचा थर आधीच धरा.

आता किती आकार ठेवायचे? टाक्यांचे तुमच्याकडे कितीतरी आकार झालेत असं तुम्ही लिहिलंय. हा प्रश्न शार्ल रेनार या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला एकोणिसाव्या शतकात पडला होता. फुग्यांसाठी दोरांचे ४२५ आकार वापरात होते, ते त्याने १७ वर आणले. त्याची युक्ती अशी, की आकार ठरावीक फरकाने न वाढवता ठरावीक पटीने वाढवायचे. १, १.६, २.५, ४, ६.३, १० अशी त्याची साधी मालिका आहे. तुमच्या वर्कशॉपच्या विजेच्या बोर्डात १६, २५, ४० आणि ६३ अँपिअरचे एमसीबी (आपोआप बंद होणारे स्विच) असतील, ते त्याच मालिकेतले. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या १०, २०, ५०, १००, २००, ५०० च्या नोटाही पटीनेच वाढतात, १-२-५ च्या. कारण सरळ आहे. २०० आणि २५० लिटरमधला फरक शेतकऱ्याला जाणवतो, ६०० आणि ६५० मधला नाही. तेव्हा तीन-चार टाक्या ठेवा, प्रत्येक पुढची आधीच्यापेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट. नेमके आकडे प्लॅस्टिक टाकीवाला मोल्डमध्ये काय देतो त्यावर ठरतील. मात्र टाकी कितीचीही असो, तिचा पाया चेसिसवर त्याच भोकांत बसला पाहिजे.

भोकांबद्दल थोडं बारकाईने सांगतो, कारण बहुतेक मॉड्युलर मशीन इथेच फसतात. समजा फ्लँजला एम १२ चे बोल्ट आहेत. भोक १३.५ मिलिमीटरचं करा, म्हणजे दीड मिलिमीटर मोकळीक मिळाली. दोन्ही प्लेटांवर प्रत्येक भोकाचं केंद्र ठरलेल्या जागेपासून उभं-आडवं अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिलं, तर कुठलीही प्लेट कुठल्याही प्लेटवर बसेल, आज बनलेली पाच वर्षांनी बनलेल्यावरसुद्धा. लेझर कटिंगवाला एवढी अचूकता सहज देतो. अडचण पुढे येते. तीच प्लेट चेसिसच्या चॅनेलला वेल्ड केली की वेल्ड आखडतं, प्लेट ओढली जाते आणि अचूक कापलेली भोकं दोन-तीन मिलिमीटरने सरकतात. मग मिस्त्री ग्राइंडरने भोक लांबट करतात, बोल्ट बसतो, आणि ते मशीन त्या क्षणी पुन्हा एकुलतं एक होतं.

यावर उपाय फिक्स्चरचा. जाड प्लेटवर पक्क्या पिना बसवलेला एक साचा करा. वेल्ड करताना फ्लँज प्लेट त्या पिनांवर बसलेली आणि क्लॅम्प केलेली असली पाहिजे. आधी टॅक (जागेवर धरण्यापुरते वेल्डचे टिपके), मग समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने छोटे छोटे वेल्ड, आणि थंड झाल्याशिवाय काढायचं नाही. थंड झाल्यावर चेसिस पिनांवरून हाताने उचलली गेली तर पास, हातोडा लागला तर नापास. हा साचाच तुमचं स्टँडर्ड. कागदावरचं माप कोणीही बदलतं, साचा कोणी सहज बदलत नाही. त्याचा एक जोडीदार रंग लावून कपाटात ठेवा आणि उत्पादनाला वापरू नका. उत्पादनातला झिजला की त्याच्याशी ताडून नवा करता येतो.

विकत घ्यायच्या भागांत जगाने जे आधीच ठरवलंय ते घ्या. ६२०५ बेअरिंग म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिलिमीटर, मग ते कोणत्याही कंपनीचं आणि कोणत्याही गावातलं असो. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणलं की शाफ्टचा व्यास मिळतो, हे गावातल्या फिटरलाही माहीत असतं. मोटर फ्रेम नंबरची घ्या. ९० फ्रेम म्हणजे शाफ्टची मध्यरेषा पायापासून ९० मिलिमीटर उंच आणि शाफ्ट २४ चा. स्वतःचा खास शाफ्ट, खास पुली काढून गिऱ्हाईक बांधून ठेवता येईल असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ऐन फवारणीच्या दिवसांत त्या शेतकऱ्याचं मशीन उभं राहिलं तर रोग तुमच्या स्पेअरची वाट बघत नाही.

एकसारखेपणाचा धोका मात्र लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात एएक्सआर १ नावाचा एकच खुंट फार मोठ्या क्षेत्रावर लावला गेला होता, कारण तो कलमाला सोपा आणि उत्पन्नाला चांगला. १९८० च्या दशकात फायलोक्झेराचा त्याला न जुमानणारा प्रकार पसरला आणि बागाच्या बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. जोड एकच असणं चांगलं, पण त्यावर बसणारा भाग सगळीकडे एकच असला की चूकही सगळीकडे एकदमच होते. त्यामुळे पंप दोन कंपन्यांचे चालतील अशी माउंटिंग प्लेट करा, आणि दोन्ही पंप खरोखर लावून बघा.

दोन स्टँडर्ड वेगवेगळ्या घरात जन्मली की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने अनुभवलंय. मनमाडला ब्रॉड गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, आणि औरंगाबादकडची लाइन त्याहून अरुंद मीटर गेजची होती, तेव्हा तिथे माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. आजही निर्यातीच्या द्राक्षात तशी फट आहे. कंटेनर फुटांत ठरला, बाहेरून ८ फूट रुंद. पॅलेट मिलिमीटरमध्ये ठरला, १२०० बाय १००० किंवा १२०० बाय ८००. साध्या कंटेनरची आतली रुंदी साधारण २३५० मिलिमीटर, त्यामुळे १२०० च्या दोन बाजू शेजारी-शेजारी बसत नाहीत. हा थोड्याशा मिलिमीटरचा फरक, पण एक पॅलेट फिरवून ठेवावा लागतो आणि जागा वाया जाते. खोक्यांचं तसं नाही. ४०० बाय ३०० ची खोकी १२०० बाय १००० च्या पॅलेटवर एका थरात नेमकी दहा बसतात, कारण त्यांचं माप पॅलेटशी जुळवूनच ठरवलेलं आहे. तुमचं ग्रेडिंग मशीन जिथे क्रेट किंवा गोणीत माल टाकतं त्या टोकाला हेच करा. आधी क्रेट मोजा, मग तोंडाची उंची आणि रुंदी ठरवा.

मिस्त्रींच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. तुम्ही उद्या ठरावीक मशीनच विकायला लागलात तर मोठ्या कंपनीशी फक्त किमतीवर लढाल आणि हराल. म्हणून हवं तसं करून देणं सोडू नका, फक्त ते जोडाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. कमान वेगळी, टाकी वेगळी, ड्रम वेगळा, रंगसुद्धा वेगळा, पण चेसिसच्या भोकांची जागा कोणासाठीही बदलायची नाही, नातेवाइकासाठीही नाही. हे वाक्य मिस्त्रींच्याच तोंडून गिऱ्हाईकाला सांगितलं गेलं तर टिकतं, म्हणून जोड कुठे हे ठरवताना त्यांना मुलाच्या शेजारी बसवा. वेल्ड कुठे ओढतं हे त्यांच्याइतकं कुठल्याही सॉफ्टवेअरला कळत नाही.

जुन्या मशीनचं काय, हेही विचारलंय. ती बदलत बसू नका. जे मशीन दुरुस्तीला येईल त्याला एक अ‍ॅडॅप्टर प्लेट वेल्ड करून द्या, एका बाजूला त्याची जुनी मापं, दुसऱ्या बाजूला तुमची नवी भोकं. ते एकदाच. पुढच्या वेळी त्याला नवा भाग सरळ बसेल.

सुरुवात ऑर्डर बुकपासून करा. मागच्या दोन हंगामांत प्रत्येक गिऱ्हाईकाने नेमकं काय बदलून मागितलं ते लिहून काढा. माझा अंदाज आहे की बहुतेक बदल दोन-तीन जागांवर गोळा होतील, आणि त्या जागांच्या कडेलाच जोड यायला हवा. कांद्याचा उन्हाळी हंगाम आटोपल्यावर जून-जुलैत फिक्स्चर तयार करा, म्हणजे ऑक्टोबर छाटणीआधी पहिली थोडी मशीन जवळच्या बागांत पोहोचतील. त्यांना पूर्ण फवारणीचा हंगाम चालू द्या, आणि प्रत्येक बोल्टवर रंगाची आडवी रेघ मारून ठेवा, म्हणजे कोणता बोल्ट फिरला ते लगेच दिसेल. तोवर नवा कॅटलॉग छापू नका. आत्ता वेल्ड करता त्या कमानीच्या जागेचा एक फोटो आणि चॅनेलची मापं इथे टाकलीत, तर फ्लँज केवढा घ्यावा आणि बोल्ट चार लागतील की सहा, ते मी सांगू शकेन.